लग्नाआधीची शाळा

ईद झाली की आपल्या कर्जत-खालापूरकडे लग्नांची गर्दी सुरू होते. नेरळ असो की खोपोली, आधी हॉल मिळतो का ते बघायचं, मग तारीख. तीही बहुतेक रविवारची, कारण मुंबई-कल्याणच्या पाहुण्यांना तोच दिवस सोयीचा. कपडे, दागिने, देगा किती लावायच्या, यावर घरात महिनोन्‌महिने खल चालतो. निकाह मात्र पाव तासात होतो. वकील आणि साक्षीदार मुलीची कबुली घेऊन येतात, मेहेर सांगितला जातो, खुत्बा होतो, छुहारे वाटले जातात. निकाह इतका सोपा असणं ही आपल्या दीनची मेहेरबानीच आहे. पण ज्या दोघांना उद्यापासून एका छताखाली राहायचं आहे, त्यांना नवरा-बायको म्हणून कसं राहायचं हे कुणी सांगितलेलं असतं का? मुलीला आई "सगळ्यांचं सांभाळून घे" एवढं तरी सांगते. मुलाला कोण काय सांगतं?

या बाबतीत ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे काय चालतं, ते पाहण्यासारखं आहे. आपल्या भागात ख्रिस्ती वस्ती थोडी. माथेरानच्या डोंगरावर इंग्रजांच्या काळातले चर्च आहेत, खाली नोकरीधंद्यानिमित्त आलेली कुटुंबं आहेत. रायगड जिल्हा कॅथलिक पंथाच्या मुंबई महाधर्मप्रांतात येतो. त्यामुळे कर्जतच्या कॅथलिक मुलालाही वांद्र्याच्या मुलासारखेच नियम लागू होतात. लग्न ठरलं की थेट हॉल बुक करून चालत नाही, काही महिने आधी फादरकडे जाऊन नाव द्यावं लागतं. बाप्तिस्म्याचा दाखला लागतो. आधी लग्न झालेलं नाही, याची खात्री पटवावी लागते. आणि विवाहपूर्व शिबिर केल्याचं प्रमाणपत्र लागतं. अशा शिबिरांसाठी मुंबईत 'स्नेहालय' हे महाधर्मप्रांताचं कुटुंबसेवा केंद्र आहे.

शिबिरात नुसतं प्रवचन नसतं. रुसवा-भांडण झालं तर बोलणं कसं सुरू करायचं, पगार कुणाच्या हातात, सासू-सासऱ्यांशी कसं वागायचं, मूल कधी, शरीरसंबंध म्हणजे काय, असे विषय असतात. संसार केलेली जोडपी आणि डॉक्टर येऊन बोलतात. आपल्याकडे यातल्या निम्म्या गोष्टी बोलायला शरम वाटते. खरं तर आपल्या फिक्हच्या किताबांत गुस्ल, हैज आणि पती-पत्नीचे हक्क यांवर उघड आणि सविस्तर लिहिलेलं आहे. हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडे लोक असे मसले विचारायला येत. शरम नंतर कधीतरी शिरली.

शिबिरानंतर फादर मुलगा आणि मुलगी यांना वेगवेगळं बसवून विचारतात : लग्नाला तयार आहेस ना? कुणाची जबरदस्ती आहे का? काही लपवलं आहेस का? धमकी किंवा भीती दाखवून झालेला विवाह चर्चच्या कायद्याप्रमाणे मुळातच विवाह ठरत नाही. मग चर्चमध्ये दोघांची नावं जाहीर करतात, म्हणजे कुणाला हरकत असेल तर त्याने आधीच सांगावी. ही जुनी रीत आहे. पूर्वी युरोपात दोघांनी एकांतात "हो" म्हटलं तरी लग्न लागे आणि पुढे पुरुष सरळ नाकारून मोकळा होई. म्हणून १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धर्मगुरू आणि साक्षीदारांसमोर झाल्याशिवाय विवाह ग्राह्य नाही, असं ठरवलं. चोरून निकाह करून मुलीला वाऱ्यावर सोडणाऱ्यांचे किस्से आपल्यालाही ठाऊक आहेत. निकाहाचा एलान करण्याची ताकीद आपल्याला आहे, ती याचसाठी.

आणखी एक साम्य. फादर लग्न लावतात असं आपण म्हणतो, पण कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे विवाहाचा संस्कार वधू-वर एकमेकांना देतात, फादर चर्चच्या वतीने साक्षी असतात. आपल्याकडेही निकाह ईजाब आणि कबूल यांनी होतो, काजीसाहेबांच्या सहीने नव्हे.

इथून पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. आपल्यासाठी निकाह हा करार आहे. कुरआनने त्याला पक्का करार म्हटलं आहे, साधा व्यवहार नव्हे. पण करारच, म्हणून त्यात अटी घालता येतात आणि अगदी निभेना तर तो सुटू शकतो. कॅथलिकांसाठी विवाह हा सात संस्कारांपैकी एक. हजरत ईसा (अलै.) यांच्या नावे इंजीलमध्ये जी शिकवण आहे, तिचा आशय असा की अल्लाहने जोडलेलं माणसाने तोडू नये. म्हणून चर्चमध्ये तलाक नाही. मुळात विवाहच सदोष होता, जबरदस्ती किंवा फसवणूक होती, हे चर्चच्या न्यायासनापुढे सिद्ध झालं तरच तो रद्दबातल ठरतो. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ही प्रक्रिया थोडी सुटसुटीत केली. तरी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केलं की चर्चच्या अशा निकालाने कायद्याच्या नजरेत लग्न सुटत नाही, त्यासाठी कोर्टच हवं. प्रॉटेस्टंट पंथांत घटस्फोटाला एवढी बंदी नाही.

या कडकपणाची झळ बायकांना जास्त बसली. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवणं पुरे होतं. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा असंच काही सिद्ध करावं लागे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही तरतूद अन्यायकारक ठरवली आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. आपल्याकडे दार उघडं ठेवलं होतं, पण त्याचा गैरवापर इतका झाला की २०१७ मध्ये एका दमात दिलेल्या तीन तलाकवर सर्वोच्च न्यायालयाला निर्णय द्यावा लागला. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांतून एकेक लवाद नेमून समेट करा, हा सूरह निसाचा हुकूम आपल्या किती जमातींनी त्याआधी अमलात आणला होता?

मेहेर ख्रिस्ती विवाहात नाही. हुंडा धर्मात नाही, व्यवहारात तिथेही शिरला आहे. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यात मेहेर हुंड्यात धरलेला नाही. तरी मेहेर कागदावर आणि फर्निचर-गाडी हातात, अशी लग्नं आपण रोज जेवून येतो.

चुलत-मामे भावंडांचं लग्न कॅथलिकांत खास परवानगीशिवाय होत नाही, हेही आपल्या तरुणांना नवं वाटेल. आणि लग्नच न करणं आपल्याकडे अपवाद. तिथे फादर आणि सिस्टर यांनी अल्लाहसाठी एकटं राहणं मोठं मानलं जातं. ते आपल्याला पटणारं नाही. निकाह ही पैगंबर (स.) यांची सुन्नत आहे.

मराठीतलं एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या आणि काही वर्षं दोघं वेगळी राहिली. १८६६ च्या एका कायद्याने धर्मांतरित माणसाला, जोडीदार नांदायला तयार नसेल तर, लग्न मोडून घेता येत होतं. टिळकांनी मोडलं नाही. जोडीदार दुसऱ्या श्रद्धेचा असूनही सोबत राहायला राजी असेल तर त्याला सोडू नये, अशी सेंट पॉल यांची शिकवण आहे. पुढे दोघं एकत्र आली, लक्ष्मीबाईही १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे' आपल्या मुलींनी जरूर वाचावं, श्रद्धा आणि संसार यांची ओढाताण त्यात एका बाईच्या नजरेतून दिसते.

आता नाजूक विषय. आपली मुलं-मुली कॉलेजात, कारखान्यांत ख्रिस्ती मुला-मुलींसोबत असतात. अहले किताब स्त्रीशी निकाहाची मुभा सूरह माइदामध्ये आहे, हे मुलांना पाठ असतं. त्या मुलीकडची बाजू ठाऊक नसते. चर्चच्या कायद्याने बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी विवाह खास परवानगीशिवाय विवाहच मानला जात नाही. परवानगी मागताना कॅथलिक जोडीदाराला वचन द्यावं लागतं की मुलांचा बाप्तिस्मा व्हावा म्हणून मी शक्य ते सारं करीन, आणि हे वचन दुसऱ्याला आधी कळवलं जातं. इकडे आपला मुलगा मुलं मुसलमान होणार हे गृहीत धरून चाललेला असतो. पाळण्यातलं मूल कुणाचं, हे लग्नाआधी कुणी बोललेलंच नसतं.

कायद्याचंही असंच. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे वधू-वरांपैकी एक जरी ख्रिस्ती असेल तरी विवाह त्या कायद्यातल्या रीतीनेच व्हावा लागतो, नाहीतर तो बाद. म्हणजे मुलगी ख्रिस्ती राहून नुसता निकाह झाला तर उद्या वारसा, पोटगी, मुलांचा हक्क, सगळ्यालाच आव्हान मिळू शकतं. अशी जोडपी मग १९५४ च्या विशेष विवाह कायद्याकडे वळतात. तिथे तीस दिवसांची नोटीस लागते. त्या कायद्याने लग्न केलेल्या मुसलमानाची मालमत्ता शरीअतच्या हिश्श्यांप्रमाणे वाटली जात नाही, तिला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. बापाच्या घरात आणि शेतात पुढे कुणाचा किती वाटा, हे त्या सहीवरच ठरतं. सही करण्याआधी वकिलाकडे एकदा जाऊन यावं, आणि जाताना मुलीच्या आई-वडिलांनाही सोबत न्यावं.