हिशेब हातांचा

७ बायका, उसने घेतलेले ८० रुपये आणि पहिल्या दिवशी पापडाची ४ पाकिटं. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका गच्चीवर सुरू झालेल्या ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’चा हा पहिला ताळेबंद. साठ वर्षांनी, २०१९च्या सुमारास, उलाढाल सुमारे १,६०० कोटी रुपयांवर गेली आणि सभासद भगिनी ४५,००० च्या घरात.

८० रुपयांचे १,६०० कोटी ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. पण साठ वर्षांत रुपयाचं मोलच बदललं. म्हणून मोजावी ती माणसं. तीन महिन्यांत ७ च्या २५ झाल्या. दुसऱ्या वर्षी १०० ते १५० आणि तिसऱ्या वर्षाअखेर ३०० हून अधिक. पहिल्या वर्षाची विक्री होती अवघी ६,१९६ रुपये.

विक्रीबरोबर बायकाही वाढत गेल्या, कारण पापड हातानंच लाटला जातो. सकाळी केंद्रावर मळलेलं पीठ घ्यायचं, घरी पोळपाटावर लाटून वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पापड तपासून, वजन करून द्यायचे. मजुरी किलोमागे. चूल आणि मुलं सांभाळून बाईला हे काम जमतं. कारखाना उभारायचा खर्च नाही, कारण घरं आधीच उभी आहेत.

अडचणीही घरगुती शहाणपणानं सुटल्या. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद राहिलं. पुढच्या पावसाळ्यात पापड खाटेवर पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवला.

पण नुसत्या मजुरीनं हे टिकलं नसतं. इथे लाटणारी प्रत्येक जण मालकीण आहे. नफ्यात तिचा वाटा, तोट्यातही. पुरुष पगारावर काम करू शकतात, सभासद होऊ शकत नाहीत. छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून घेतलेले ८० रुपये बायकांनी फेडले आणि देणगी घ्यायची नाही हे ठरवून टाकलं. सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

रोजगाराच्या नावानं कुठलाही उद्योग सवलत मागायला आला, तर त्याला एकच प्रश्न विचारावा: माल दुप्पट खपला, तर कमावणारे हात किती वाढतील, आणि त्या हातांना नफ्यात वाटा मिळेल का? गिरगावच्या गच्चीवर या प्रश्नाचं उत्तर १९५९ मध्येच लाटून ठेवलं आहे.