हुलगा, मटकी आणि काही पक्के गैरसमज

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्यात पूर्वेला, येरळा नदीच्या काठी, खटाव तालुक्याचं ठाणं असलेलं वडूज आहे. इकडं पाचशेच्या आसपास पडला तरी बरं म्हणायचं. एवढ्या पावसावर जे तगतं त्यावरच इथलं रोजचं ताट ठरलं: बाजरी-ज्वारीची भाकरी, मटकी, हुलगा, चवळी, मूग, शेंगदाण्याची चटणी. मटण जत्रेला, पाहुण्याला, फार तर रविवारी. म्हणजे बिनमटणाचा स्वयंपाक ही इथं नवी टूम नाही. तरीही त्याच्याबद्दल नको त्या शंका आहेत आणि नको तेवढं कौतुकही आहे. दोन्ही तपासून घेऊ, आणि ओघात काही पदार्थही करू.

गैरसमज: मटणाशिवाय रश्शाला चव येत नाही.

वस्तुस्थिती: रश्शाची निम्मी चव मटणाची नसतेच. ती तांबूस परतलेल्या कांद्याची, करपू न देता भाजलेल्या सुक्या खोबऱ्याची आणि घरच्या कांदा-लसूण चटणीची असते. भाजताना गोड घटकांची प्रथिनांच्या घटकांशी रासायनिक क्रिया होते आणि तो खमंगपणा तयार होतो. मसाल्याचा वास आणि तिखटपणा तेलात विरघळतात, म्हणून तवंग आलेला रस्सा जिभेवर रेंगाळतो.

खात्री करायची तर कराड-इस्लामपूर पट्ट्यातल्या ढाब्यांवर मिळतो तो अख्खा मसूर घरी करावा. पाव किलो मसूर तासभर भिजवून कुकरला दोन-तीन शिट्ट्या द्यायच्या. तीन कांदे बारीक चिरून तेलात चांगले तांबूस होईपर्यंत परतायचे. इथं घाई केली की पदार्थ फसला. मग आलं-लसूण, टोमॅटो, दोन चमचे कांदा-लसूण चटणी. तेल सुटलं की मसूर आणि गरम पाणी घालून दहा मिनिटं उकळायचं.

गैरसमज: मांस-अंडं नसेल तर प्रथिनं पुरत नाहीत.

वस्तुस्थिती: शंभर ग्रॅम कोरड्या मटकीत किंवा हुलग्यात बावीस-तेवीस ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यात पंचवीसच्या आसपास. मात्र हा आकडा कोरड्या दाण्याचा आहे. शिजताना दाणा पाणी पितो, त्यामुळे शंभर ग्रॅम तयार उसळीत सात-आठ ग्रॅमच उरतात. म्हणून वाटी नव्हे, कोरडं माप मोजावं.

धान्य-कडधान्यावर राहणाऱ्या माणसानं वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण एक ग्रॅम प्रथिनं धरावीत. साठ किलोला साठ ग्रॅम. आता ताट मांडू. सव्वाशे ग्रॅम पिठाच्या बाजरीच्या भाकरी, पन्नास ग्रॅम मटकीची उसळ, पळीभर शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर दही यांतून तीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. असं दोन वेळा जेवलं की हिशेब पुरा. चार भाकरी आणि नुसता ठेचा खाल्ला तर मात्र पोट भरतं, हिशेब भरत नाही.

गैरसमज: भाकरी आणि कडधान्य एकाच ताटात नसतील तर उपयोग नाही.

वस्तुस्थिती: धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, कडधान्यात मेथिओनिन कमी, दोन्ही मिळून एकमेकांची उणीव भरतात, हे खरं. पण ते एकाच घासात जुळावं लागत नाही. १९७१ साली फ्रान्सिस मूर लापे या अमेरिकी लेखिकेच्या पुस्तकामुळे हा कडक नियम जगभर पसरला. १९८१च्या आवृत्तीत तिनंच तो सैल केला. सकाळी भाकरी-चटणी आणि रात्री मुगाची आमटी असली तरी चालतं.

गैरसमज: मीठ आधी टाकलं की डाळ शिजत नाही.

वस्तुस्थिती: बिचाऱ्या मिठावर उगाच आळ आहे. भिजवतानाच थोडं मीठ घातलं तर कडधान्याचं साल उलट मऊ पडतं. खरे अडवणारे तीन: आंबट, जुना माल आणि जड पाणी. चिंच, आमसूल, टोमॅटो हे दाणा शिजल्यावरच घालावेत. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम दाण्यातल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, म्हणून दुष्काळी पट्ट्यात "आमच्या पाण्यात डाळ शिजत नाही" ही तक्रार खरी असते. अशा वेळी पिण्याचं, फिल्टरचं पाणी वापरावं. चिमूटभर सोड्यानं दाणा झटकन मऊ होतो, पण ब-१ जीवनसत्त्व नासतं. रात्रभर भिजवणं आणि कुकर एवढं पुरेसं आहे.

गैरसमज: मोड आणले की प्रथिनं दुप्पट होतात.

वस्तुस्थिती: दाणा फुगतो, ढीग मोठा दिसतो, पण वाढलेलं असतं ते मुख्यतः पाणी. मोडाचा फायदा वेगळाच आहे: क जीवनसत्त्व तयार होतं आणि लोह-जस्त अडवून धरणारं फायटेट कमी होतं. क जीवनसत्त्व उष्णतेनं कमी होतं, म्हणून मटकी गाळ होईपर्यंत शिजवू नये. झाकणावर पाणी ठेवून वाफेवर, दाणा दाताखाली लागेल इतपतच शिजवावी.

गैरसमज: हुलगा हे गरिबाचं खाणं; किंवा हुलग्याच्या कढणानं मुतखडा विरघळतो.

वस्तुस्थिती: बैला-घोड्यांना घालतात म्हणून हुलग्याला कमी लेखलं गेलं. प्रत्यक्षात कमी पाण्यावर, हलक्या रानात येणारं हे पीक प्रथिनांत मटकीच्या बरोबरीचं आहे. मुतखड्याचं म्हणाल तर त्याला ठाम वैद्यकीय पुरावा नाही. कढणाबरोबर पोटात जाणारं पाणी उपयोगी पडतं; खडा मोठा असेल तर डॉक्टरच गाठावा.

औषध म्हणून नव्हे, चवीसाठी शेंगोळी करावी. हुलग्याच्या पिठात मूठभर ज्वारीचं पीठ, वाटलेला लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून घट्ट मळायचं. बोटाएवढ्या वळ्या करून टोकं जोडायची. लसणाच्या सढळ फोडणीत पाणी उकळायचं, त्यात शेंगोळी सोडून पंधरा-वीस मिनिटं शिजवायची. थोडं पीठ पाण्यात कालवून घातलं की रस्सा दाट होतो.

गैरसमज: पालेभाजीनं लोह आणि आंबवलेल्या पदार्थांनी बी-१२ भरून निघतं.

वस्तुस्थिती: पालेभाजीतलं लोह शरीरात कमी शोषलं जातं. ताटात लिंबाची फोड असली की हे शोषण वाढतं; जेवणावर लगेच चहा घेतला की घटतं. चहा तासभर पुढं ढकलावा.

बी-१२ची गोष्ट वेगळी आहे. ते धान्यात, कडधान्यात, पालेभाजीत नसतं. आंबील किंवा इडलीच्या पिठावरही विसंबता येत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यांतूनच मिळतं. चाकवताची ताकातली भाजी म्हणूनच दुहेरी कामाची. मात्र पाणीदार ताकाच्या एका वाटीनं दिवसाची गरज भागत नाही; दूध-दही रोज हवं. मुंग्या येणं किंवा सततचा थकवा असेल तर रक्त तपासावं आणि डॉक्टरांनी सांगितल्यास गोळी घ्यावी. ही उणीव हुलग्यानं किंवा मटकीनं भरून निघणार नाही. बाकीचं पोषण मात्र घरातल्या डब्यांत बव्हंशी आहे.