पटवर्धनांचा इनबॉक्स: मिरजेची जुनी पत्रं कशी वाचायची

आजच्या एपिसोडमध्ये लढाई कमी, हिशोब जास्त.

1764 मध्ये माधवराव पेशव्यांनी पटवर्धनांना मिरजेकडचा सरंजाम दिला. सरंजाम म्हणजे मुलखाचा वसूल तुमचा, पण त्यातून घोडेस्वार पोसायचे आणि बोलावलं की हजर व्हायचं. म्हणजे घर, शेती आणि फौज यांचं खातं एकच. म्हणून यांच्या पत्रांत मोहिमेची बातमी, शिलेदारांचा थकलेला पगार, सावकाराचं कर्ज आणि घरातलं आजारपण शेजारीशेजारी येतं. आपल्या फॅमिली ग्रुपवर लग्नाच्या फोटोंखाली लाइट बिल येतं ना, तसंच.

ही पत्रं आज वाचता येतात ती वासुदेवशास्त्री खरे यांच्यामुळे. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवणारा माणूस. नोकरी सांभाळून त्यांनी मोडीतले ढीग उपसले आणि 1897 पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापायला घेतला. 1924 मध्ये ते गेले तोवर बारा खंड झाले होते. साइड प्रोजेक्ट म्हणतात तो हा!

आता माझा आवडता भाग, तारीख. त्या काळच्या कागदावर ‘खमस तिसैन मया अलफ’ असं वर्ष दिसलं तर घाबरू नका. खमस 5, तिसैन 90, मया 100, अलफ 1000. एककापासून सुरुवात, आपल्या बोलण्याच्या बरोबर उलट. झाले 1195. हा शुहूर सन, मृग लागला की बदलतो. म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या पत्राला 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. पत्र मार्चचं असेल तर 1795, म्हणजे खर्ड्याची लढाई. आपल्या बार्शीपासून खर्डा फार लांब नाही, आणि तिथे मराठी फौजांचे सेनापती होते परशुरामभाऊ पटवर्धन.

एक गोष्ट मात्र खटकते. व्हर्जिनियाच्या तंबाखूवाल्या जमीनदारांच्या पत्रव्यवहारात गुलाम माणसं बहुतेक वेळा हिशोबाची एक ओळ असतात. आपल्याकडेही पेशवाईत कुणबिणींची खरेदी-विक्री व्हायची, त्याही कागदावर किमतीसकटच येतात. रयत येते ती बाकीच्या रकमेत. लिहिणारा कारकून, सांगणारा धनी. ज्यांच्या घामावर वसूल उभा राहिला, त्यांचं पत्र या ढिगात शोधून सापडायचं नाही. ‘गावाकडून इतका वसूल बाकी’ असं वाचलं, की त्या वर्षी तिथे पाऊस पडला होता का, हे मी आधी बघतो.

तुमच्या गावच्या वाड्यात, माळ्यावर मोडीचं रुमाल-दप्तर असेल तर रद्दीत घालू नका. वाळवी लागायच्या आत प्रत्येक पानाचे फोटो काढा, पानांचा क्रम न बदलता. वाचणारा नंतर शोधू.