पाळीत दुखतंच, पण इतकं?

आहुपे गावाच्या खाचरांत भाताची लावणी म्हणजे दिवसभर चिखलात वाकून काम. अशात पाळी आलेली बाई पोट धरून बांधावर बसली, की "बाईच्या जातीला एवढं सोसावंच लागतं" हे ठरलेलं. पहिला गैरसमज हाच. थोडं दुखतं हे खरं. पण कामावरून, शाळेतून उठवणारं, गोळीलाही न जुमानणारं दुखणं अंगावर काढायचं नसतं.

त्यामागे एंडोमेट्रिओसिस असू शकतो. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, बीजकोशावर, आतड्यांवर, मूत्राशयावर वाढतात. तिथे सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात. म्हणून पाळीत शौचाला-लघवीला होताना कळ येते, संबंधाच्या वेळी खोलवर दुखतं, काहींना दिवस राहत नाहीत. जगात प्रजननवयातल्या साधारण १० टक्के मुली-बायकांना हा आजार असल्याचं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरीही निदानाला कित्येकींची वर्षं जातात.

"लग्न झालं, मूल झालं की थांबेल." गरोदरपणात पाळीच नसते, त्यामुळे काहींना तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आजार जात नाही. शाळकरी मुलीलाही तो होतो, आणि तिचं लग्न उरकणं हा काही उपचार नव्हे!

"सोनोग्राफी नॉर्मल, म्हणजे काही नाही." बीजकोशातली गाठ सोनोग्राफीत दिसते, बारीक ठिपके बहुधा निसटतात. आजार थोडा आणि दुखणं फार, असंही होतं.

सगळ्यांत महागात पडणारा समज: "पिशवी काढली की सुटलो." बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये सरकारला चौकशी करावी लागली, हे विसरू नये. पिशवी गेली तरी बाहेर वाढलेल्या पेशी राहू शकतात, दुखणंही. आधी वेदनाशामक, हार्मोनच्या गोळ्या, गरज पडल्यास दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. पिशवी काढायचा निर्णय फार पुढचा, तोही दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊनच.

आधी आशाताईंशी बोला, मग घोडेगावचं ग्रामीण रुग्णालय किंवा मंचरचं उपजिल्हा रुग्णालय. स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या वारी असतात ते विचारूनच एसटी धरा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन-तीन महिने खुणा करा: पाळी कधी आली, किती दिवस दुखलं, कोणती गोळी घेतली, कोणतं काम बुडालं. ती पानं सोबत न्या. "पोटात दुखतं" एवढंच सांगितलं तर पित्ताची गोळी मिळण्याची शक्यता जास्त. आणि दुखणं एकाएकी असह्य झालं, ताप किंवा भोवळ आली, तर खुणा करत बसू नका, १०८ला फोन करा.