उलटली तरी उभी राहणारी बोट

आमच्या हिवरा आश्रमहून समुद्र गाठायचा, तर अख्खी रात्र ट्रॅव्हल्सच्या गाडीत काढावी लागते. बोट म्हणजे फार तर पेनटाकळी धरणातली मासेमारीची होडी! त्यामुळे मुंबईत आल्यावर गेटवेसमोर डोलणाऱ्या शिडाच्या बोटी पाहून मी बाबांना उत्साहाने फोन केला. त्यांचा पहिलाच प्रश्न : ‘‘अन् उलटली त मंग?’’

प्रश्न साधा होता, पण उत्तर शोधताना मला भेटली ‘सुहैली’.

मेड इन मुंबई

ही बोट 1964 साली मुंबईत पाण्यात उतरली. आपल्या सुतारांनी सागवानात बांधलेली. मालक होता रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजावरचा तरुण ब्रिटिश अधिकारी. 14 जून 1968 रोजी तो हिच्यातून इंग्लंडहून एकटा निघाला आणि 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी परतला. कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो जगातला पहिला माणूस. ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत नऊ जण निघाले होते, पूर्ण केली फक्त त्याने!

आणि बोट केवढी? डेकची लांबी जेमतेम 32 फूट, म्हणजे आपल्या लाल डब्यापेक्षाही आखूड. रुंदी साधारण 11 फूट. तुमच्या वन-बीएचकेचा हॉल आठवा, कल्पना येईल.

डिझाइनमध्ये काय आहे?

‘सुहैली’ दिसायला स्टायलिश नाही. गुटगुटीत आहे. हे डिझाइन मुळात 1920 च्या दशकातलं. त्याची प्रेरणा त्याहून जुन्या नॉर्वेच्या बोटींची. पण तिची प्रत्येक गोष्ट विचार करून केलेली आहे.

सगळ्यात महत्त्वाचा कील, म्हणजे बोटीच्या पोटाखालचा जड कणा. लहानपणीची ती बाहुली आठवते? कितीही ढकला, पुन्हा उभी! तिच्या बुडात वजन असतं. बोटीचंही तसंच. लाटेने आडवं केलं, तरी खालचं वजन तिला परत सरळ करतं. ‘सुहैली’चा कील लांबलचक, त्यामुळे ती आपली दिशा सहज सोडत नाही. वाटेत तिचं ऑटोमॅटिक सुकाणू मोडलं, तेव्हा शिडांचा तोल साधून नॉक्स-जॉन्स्टनने तिला मार्गावर ठेवलं.

दुसरं म्हणजे दोन डोलकाठ्या. शिडं वाटली गेली की प्रत्येक शीड लहान होतं, आणि एकट्या माणसाला आवरता येतं. तिसरं, मागची बाजूही पुढच्यासारखी निमुळती. मागून येणारी लाट त्यावर दुभंगते.

आत सगळी काटकसर. स्टोव्ह झुलता, म्हणजे बोट कलली तरी पातेलं सरळ राहतं. झोपायची फळी अरुंद, बाजूला कापडाचा आडोसा, नाहीतर झोपेत जमिनीवर! अर्थात या सगळ्याची किंमत आहे. अशी बोट जड असते, वेग कमी असतो. आणि लाकूड म्हटलं की गळती आली. अटलांटिकमध्ये नॉक्स-जॉन्स्टनला पाण्याखाली उतरून फटी बुजवाव्या लागल्या होत्या.

बाबांच्या प्रश्नाची परीक्षा

पन्नास वर्षांनी, 2018 मध्ये ही शर्यत पुन्हा झाली. जीपीएसशिवाय, जुन्या काळातल्याच साधनांवर. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी ‘सुहैली’च्या प्रतिकृतीतून उतरले. ही ‘थुरिया’ गोव्यातल्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डने बांधलेली. 21 सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तिला उलटंपालटं केलं. डोलकाठ्या तुटल्या. टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली, हलताही येईना.

पण बोट बुडाली नाही. ती पुन्हा सरळ झाली आणि तरंगत राहिली. 24 सप्टेंबरला फ्रेंच जहाजाने सुटका करेपर्यंत टॉमी तिच्यातच पडून होते. शर्यत गेली, बोटही तिथेच सोडावी लागली, माणूस मात्र वाचला. पुढच्या शर्यतीत टॉमी 36 फुटी ‘बयानात’ घेऊन पुन्हा निघाले. एप्रिल 2023 मध्ये दुसरे आले!

बोटीवर जाताय? मग हे बघा

• लाइफ जॅकेट आधी, फोटो नंतर.
• कील किती खोल आहे ते विचारा. उथळ पाण्यात तोच रुततो.
• केबिनमध्ये हाताला पकड कुठे कुठे आहे ते आधीच हेरून ठेवा.
• वारा वाढायची वाट न बघता शीड कमी करतो, तो नावाडी भरवशाचा.

हे सगळं बाबांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘म्हंजे बुडात वजन पाह्यजे.’’

बोटीबद्दलच बोलत होते बहुतेक!