गाळ, हाडे आणि नावे : उत्तरेकडील समुद्रपक्ष्यांच्या वसाहतींचा इतिहास



इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, बखरी, दप्तरे अशी लिखित साधने आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु ज्यांनी कधी एक अक्षरही लिहिले नाही आणि ज्यांच्याविषयी इतरांनीही फार उशिरा लिहिले, त्यांचा इतिहास कोणत्या आधारावर सांगायचा? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार आपण एका दूरच्या उदाहरणाच्या साहाय्याने करणार आहोत. ते उदाहरण म्हणजे उत्तर अटलांटिक आणि आर्क्टिक प्रदेशातील समुद्रपक्ष्यांच्या वसाहती. भाषेच्या अभ्यासात पक्षी कशासाठी, अशी शंका आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल.

समुद्रपक्षी आयुष्याचा बहुतेक काळ पाण्यावर काढतात. जमिनीवर येतात ते केवळ विणीसाठी. अंडी घालण्याची जागा खाद्याने समृद्ध अशा समुद्राजवळ हवी, आणि कोल्ह्यांसारख्या शिकारी प्राण्यांना सहज पोहोचता येणार नाही अशीही हवी. दोन्ही अटी पुऱ्या करणारे कडे आणि बेटे थोडीच असतात. त्यामुळे तेथे लाखोंच्या संख्येने पक्षी एकत्र येतात आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच ठिकाणी परतत राहतात. एकाच जागी दीर्घकाळ राहणारा समाज आपल्यामागे काहीतरी ठेवून जातोच. पक्ष्यांनी मागे ठेवली ती विष्ठा, पिसे आणि हाडे.

गाळातील नोंद

वसाहतीजवळच्या तळ्यात दरवर्षी विष्ठा वाहून येते आणि तळाच्या गाळात थरावर थर साचत जातात. संशोधक पोकळ नळी गाळात खोल घुसवून त्याचा उभा स्तंभ बाहेर काढतात. वरचा थर आजचा, खालचा जुना. किरणोत्सारी कार्बनच्या साहाय्याने थरांचे वय ठरवता येते. आता प्रश्न उरतो तो पक्ष्यांची खूण ओळखण्याचा. नायट्रोजनचे एक जड समस्थानिक असते. समुद्रातील अन्नसाखळीत एकेक पायरी वर जावे तसे त्याचे प्रमाण वाढत जाते. म्हणून समुद्रातले खाद्य खाणाऱ्या पक्ष्यांची विष्ठा तळ्यात पडू लागली की त्या थरातील हे प्रमाण ठळकपणे वाढते. जस्त, कॅडमियम यांसारखे धातू आणि डायाटम नावाच्या सूक्ष्म शैवालांचे बदललेले प्रकार या साक्षीला पुष्टी देतात. मात्र एक मर्यादा ध्यानात ठेवावी. गाळ पक्ष्यांची शिरगणती करीत नाही. पक्षी वाढले की घटले, एवढेच तो सांगतो.

वायव्य ग्रीनलंडचे उदाहरण पाहू. ग्रीनलंड आणि एल्समीर बेट यांच्यामध्ये समुद्राचा एक विस्तीर्ण भाग भर हिवाळ्यातही पूर्णपणे गोठत नाही. अशा मोकळ्या पाण्याला ‘पॉलिन्या’ हा मूळचा रशियन शब्द रूढ आहे. याच्या उत्तरेला, अरुंद सामुद्रधुनीत, हिवाळ्यात बर्फाची कमान तयार होते आणि ती वरून वाहत येणारे हिमखंड अडवून धरते. येथील पाण्यात सूक्ष्म जीव विपुल असल्यामुळे काठावरच्या दगडांच्या राशींत लिटल ऑक हा तळहाताएवढ्या शरीराचा पक्षी प्रचंड संख्येने वीण करतो. या भागात त्याच्या तीन कोटींहून अधिक जोड्या असाव्यात, असा अंदाज आहे. पक्ष्यांच्या विष्ठेने उघड्या खडकावर गवत वाढते आणि त्या गवतावर ससे व हंस पोसले जातात. तेथील इनुघुइत लोक जाळीने हे पक्षी पकडतात. सीलच्या कातड्यात शेकडो पक्षी अख्खे भरून, दगडांखाली महिनोन्‌महिने मुरवून केलेला ‘किविआक’ हा त्यांचा हिवाळ्यातील सणासुदीचा पदार्थ आहे.

या भागातील तळ्यांचा गाळ सांगतो, की लिटल ऑकच्या वसाहती सुमारे ४४०० वर्षांपूर्वी तेथे स्थिरावल्या. ग्रीनलंडमध्ये पहिली माणसे पोहोचली, तीही साधारण त्याच सुमारास. पुढे, सुमारे २२०० ते १२०० वर्षांपूर्वीच्या काळात, हवामान उबदार झाले, मोकळ्या पाण्याची स्थिती अस्थिर बनली आणि तेथील जीवसृष्टी खालावली. याच काळात ग्रीनलंडमधील मानवी वस्तीच्या खुणाही नाहीशा होताना दिसतात. दोन घटना एका वेळी घडल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे आपण ध्वनिपरिवर्तनाच्या घटकात शिकलो आहोत. तरीही ही नोंद अस्वस्थ करणारी आहे. २००७ साली ती बर्फाची कमान तयारच झाली नाही, आणि अलीकडच्या काळात ती पूर्वीइतकी भरवशाची राहिलेली नाही.

या जलभागाचे ग्रीनलंडी नाव ‘पिकिआलासोर्सुआक’ असे आहे. त्याचा अर्थ ‘मोठी उसळ’, म्हणजे खालचे पाणी वर येण्याची जागा. युरोपीय नकाशांनी त्याला केवळ ‘नॉर्थ वॉटर’, उत्तरेचे पाणी, म्हटले. दिशा सांगणारे नाव आणि प्रक्रिया सांगणारे नाव यांतला हा भेद मला फार बोलका वाटतो.

ग्रेट ऑक : हाडे आणि एक भटके नाव

सर्वच वसाहती टिकल्या नाहीत. ग्रेट ऑक हा उडता न येणारा, सुमारे पाऊण मीटर उंचीचा पक्षी उत्तर अटलांटिकमधील मोजक्या सखल बेटांवर वर्षाकाठी एकच अंडे घालीत असे. न्यूफाउंडलंडमधील पोर्ट ओ श्वा येथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी सापडली आहे. तेथील एका मृताबरोबर या पक्ष्याच्या दोनशेहून अधिक चोची पुरलेल्या होत्या. माणूस त्याची शिकार तेव्हाही करीत होता. पण पक्षीही टिकून होता.

१५३४ साली फ्रेंच दर्यावर्दी झाक कार्त्ये न्यूफाउंडलंडनजीकच्या फंक बेटावर आला, तेव्हा त्याच्या माणसांनी अर्ध्या तासाच्या आत दोन होड्या या पक्ष्यांनी भरल्या. पुढील अडीचशे वर्षे जहाजांनी या बेटाचा उपयोग फुकटच्या कोठारासारखा केला. अठराव्या शतकात पिसांचा व्यापार सुरू झाला. खलाशी उन्हाळाभर बेटावर मुक्काम करीत आणि लाकूड नसल्यामुळे चरबीने भरलेले पक्षीच सरपण म्हणून जाळीत. हे थांबले नाही तर जात जवळजवळ नष्ट होईल, असे जॉर्ज कार्टराइट याने १७८५ मध्ये आपल्या रोजनिशीत नोंदवले होते. साधारण १८०० पर्यंत फंक बेटावरील वसाहत संपली. आइसलंडनजीकच्या एल्डे बेटावर १८४४ च्या जूनमध्ये शेवटची ज्ञात जोडी मारली गेली. फंक बेटावर आज पफिन पक्षी बिळे खणून राहतात. ज्या मातीत ते बिळे खणतात, ती बरीचशी ग्रेट ऑकच्या कुजलेल्या अवशेषांचीच बनलेली आहे.

या पक्ष्याला सोळाव्या शतकातील इंग्रज खलाशी ‘पेंग्विन’ म्हणत. दक्षिण गोलार्धात गेल्यावर त्यांना उडता न येणारे, काळे-पांढरे, ताठ उभे राहणारे दुसरे पक्षी दिसले. दोहोंचे नाते दूरचे; पण खलाशांनी जुनेच नाव त्यांना दिले. मूळ धनी नष्ट झाला आणि नाव दुसऱ्याकडे राहिले. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ मध्ये आलेल्या हम्बोल्ट पेंग्विनांच्या पिंजऱ्यावरील पाटी आपण वाचतो, ती खरे तर उत्तरेकडील एका नामशेष पक्ष्याच्या नावाची. व्युत्पत्तीविषयी मात्र मतभेद आहेत. काहींच्या मते हा शब्द वेल्श भाषेतील ‘पांढरे डोके’ या अर्थाच्या शब्दांपासून आला. पण ग्रेट ऑकचे डोके काळे होते, डोळ्यापुढे पांढरा ठिपका तेवढा असे. काहींच्या मते तो ‘लठ्ठ’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला. मला यांपैकी एकही व्युत्पत्ती निःशंकपणे स्वीकारवत नाही.

नावाची साक्ष

वडगाव, पिंपळगाव या नावांचा अर्थ आपल्याला सांगावा लागत नाही, मग गावात वड उरलेला असो वा नसो. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस लंडी नावाचे बेट आहे. जुन्या नॉर्स भाषेत ‘लुंडी’ म्हणजे पफिन आणि ‘एय’ म्हणजे बेट. नॉर्स दर्यावर्दींनी हे नाव दिले, तेव्हा नजरेत भरण्याइतके पफिन तेथे असले पाहिजेत. एकविसाव्या शतकाच्या आरंभी मात्र ते जवळजवळ उरले नव्हते. त्या वेळी पाहणाऱ्याला पफिन नसलेले लंडी हेच स्वाभाविक वाटले असते. नाव मात्र वेगळी साक्ष देत होते. बेटावरील उंदरांचे निर्मूलन झाल्यानंतर पफिन परतले, आणि आता त्यांची संख्या शेकड्यांच्या पुढे गेली आहे.

स्वयं-अध्ययनासाठी

१. गाळाचा थर आणि स्थलनाम या दोन साधनांतून मिळणाऱ्या माहितीचे स्वरूप कसे वेगळे आहे, ते लेखातील उदाहरणे घेऊन लिहा.

२. आपल्या तालुक्यातील पशू, पक्षी वा वृक्ष यांवरून पडलेली पाच स्थलनामे गोळा करा. तो जीव आज तेथे आढळतो का, हे गावातील वयस्कर मंडळींना विचारून नोंदवा. नावाची लोकांनी सांगितलेली व्युत्पत्ती आणि आपल्याला पटलेली व्युत्पत्ती वेगवेगळ्या लिहा.