काचेच्या पेटीतील वाळू

उष्ण प्रदेशातील उथळ समुद्रात प्रवाळांच्या भित्ती पसरलेल्या असतात. त्या शोभेचा एखादा अंश आपल्या घरी असावा, या हौसेने युरोप-अमेरिकेतील कित्येक लोक काचेच्या पेटीत खारे पाणी भरून त्यात प्रवाळ व मासे पाळतात. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना अभय दिले आहे. ते समुद्रातून काढून आणणे निषिद्ध आहे.

समुद्र अथांग, तर लहान पेटीत पाणी जेमतेम ५०-६० लिटर. समुद्रात एखादा मासा मेला तरी पाण्याला त्याची वार्ता लागत नाही. पेटीत मात्र चिमूटभर अन्न रोज जास्त पडू लागले, की काही दिवसांतच त्याचा परिणाम दिसतो. काचेवर हिरवा थर चढतो आणि खडकांवर शेवाळाचे केसांसारखे झुबके उगवतात. मालक काच पुसतो, झुबके उपटतो. आठवडा उलटला, की शेवाळ पुन्हा हजर!

वास्तविक शेवाळ हे प्रवाळांचे जन्मजात वैरी नव्हे. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या शरीरातच अतिसूक्ष्म शैवाल राहते आणि सूर्यप्रकाशात अन्न तयार करून आपल्या यजमानाला पोसते. पण बाहेरचे शेवाळ बेसुमार वाढले, तर ते प्रवाळांचा प्रकाश अडवते व त्यांना गुदमरवते. लांब काळ्या काट्यांचे सागरी अर्चिन हे शेवाळ खरवडून खातात. १९८३ साली कॅरिबियन समुद्रात या प्राण्यांवर साथ आली व बहुतेक सारे मेले. शेवाळ खाणारे मासे तर जमैका बेटाभोवती आधीच अतोनात पकडले गेले होते. पुढील काही वर्षांत तेथील भित्ती शेवाळाखाली झाकल्या गेल्या.

पेटीतील शेवाळाचे मूळ पुष्कळदा तळाशी असते. हौशी मंडळी तळावर प्रवाळांचा जाडसर चुरा पसरतात. त्याचे खडे ज्वारीच्या दाण्याएवढे, काही त्याहूनही मोठे. दिसायला तो सुंदर दिसतो. परंतु खड्यांमधील फटींत माशांची विष्ठा व उरलेले अन्न उतरते. तेथे पाण्याचा प्रवाह पोचत नाही, आणि ती घाण जागच्या जागी कुजू लागते. कुजताना अमोनिया हा विषारी पदार्थ निर्माण होतो. खड्यांवर वस्ती करून राहणारे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट माशांना तितकेसे घातक नाही; शेवाळाला मात्र ते उत्तम खत होय. शेतकरी पिकाला नत्र देतो, तसाच हा पुरवठा! शिवाय कुजणाऱ्या अन्नातून फॉस्फेट सुटते. ते चुनखडीच्या खड्यांना चिकटून बसते व पुढे हळूहळू पाण्यात उतरत राहते.

म्हणून काही जण चुरा काढून टाकतात व त्या जागी रव्यासारखी बारीक वाळू दोन-तीन सेंटिमीटर जाडीची पसरतात. ही वाळू प्रवाळभित्तीजवळचीच असते. पोपटमासा प्रवाळाचे खडक कुरतडतो आणि त्यांचे पीठ विष्ठेवाटे बाहेर टाकतो. तिकडील पांढऱ्या वाळूचा मोठा भाग असाच तयार झालेला असतो. बारीक वाळूत फटी लहान, त्यामुळे घाण वरच राहते. प्रवाह तिला गाळणीकडे नेतो.

हा पालट एका दिवसात उरकण्याचा मोह मात्र घातक ठरतो. जुन्या चुऱ्याबरोबर जीवाणूंची वस्तीही बाहेर जाते आणि उसकटलेली घाण पाण्यात पसरते. मग अमोनिया वाढतो, मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात, प्रवाळ अंग आखडून घेतात. कधी सारी पेटीच मरते. यासाठी जाणकार एका वेळी तळाचा चतुर्थांश भागच बदलतात. नळीने चुरा पाण्यासह ओढून बादलीत घेतात, म्हणजे घाण पेटीत उसळत नाही. नवी वाळू निवळ पाणी येईपर्यंत धुतात आणि रुंद नळीतून अलगद तळाशी सोडतात. पुढचा भाग एक-दोन आठवड्यांनी. पेटीत सच्छिद्र खडक भरपूर असतील तर धोका कमी, कारण जीवाणू त्यांतही राहतात.

मोनॅको येथे झां जोबेर या शास्त्रज्ञांनी याच्या उलट वाट चोखाळली. त्यांनी वाळूचा जाड थर जाळीवर उचलून धरला व खाली पाण्याची पोकळी ठेवली. थराच्या आत प्राणवायू अत्यल्प असतो. तेथील निराळे जीवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात व तो हवेत निघून जातो. मोठ्या हौदात ही योजना शोभते, छोट्या पेटीत मात्र जाड थर निम्मी जागा खाऊन टाकतो.

वाळू बदलल्यावर शेवाळ लगेच नाहीसे होत नाही. प्रथम वाळूवर तपकिरी पापुद्रा धरतो व नवखा मालक घाबरून जातो. हा डायाटम नावाच्या सूक्ष्म वनस्पतींचा थर असतो. बहुधा काही आठवड्यांत तो विरतो. अन्न पूर्वीइतकेच सढळ हाताने पडत राहिले, तर हिरवे झुबके परत येतात. अन्न बेताचे ठेवले, तर ते विरळ होऊ लागतात. मग काही जण नासारियस जातीच्या गोगलगायी सोडतात. त्या दिवसभर वाळूत पुरून असतात, फक्त सोंडेसारखी एक नळी वर दिसते. अन्नाचा वास आला, की त्या चहूबाजूंनी वाळू फोडून बाहेर पडतात व उरलेसुरले सारे वेचून खातात.